लसणाचं नाव निघालं तेव्हा

फोडणीत मोहरी तडतडली, कढीपत्ता चरचरला, त्या दोन्हींचा वास भगवंतरावांच्या खुर्चीपर्यंत नीट आला; आणि त्यांच्यामागून जो यायला हवा होता तो आलाच नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीनच लागावी, तसा त्यांच्या आत एक लहानसा गचका बसला. ते वर्तमानपत्र मांडीवर ठेवून थांबले. कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यात भिंत नव्हती, नुसता एक ओटा होता. त्यामुळं सकाळी काय शिजतंय ते त्यांना न विचारता कळायचं. मंत्रिपद गेल्यापासून न विचारता कळणाऱ्या गोष्टी तेवढ्याच उरल्या होत्या. नाक गेलं की काय आपलं, असं त्यांना वाटलं. डोळे अधू झाले, एक कान गेला, तसंच हेही. त्यांनी बोटाला लागलेली छपाईची शाई हुंगून पाहिली. तिचा वास येत होता.

“वृषाली, आमटीत लसूण घातला नाहीस का गं?”

“घातलाय की, पप्पा. चांगला मूठभर,” सुनेनं मागं न पाहता सांगितलं. “हा चायनाचा आहे ना, वास कमी असतो याला. पण सोलायला काय सोपा! तुमचा गावाकडचा सोलत बसलं की नखं दुखतात, आणि दिवसभर हाताचा वास जात नाही. हा बघा.”

तिनं ओट्यावरची एक गड्डी त्यांच्या हातात ठेवली. पांढरीफेक, मुठीत मावणार नाही एवढी, सगळ्या पाकळ्या एका मापाच्या. मातीचा कण नाही, खालची मुळ्यांची दाढी अगदी तळापासून तासून टाकलेली. मोठ्या हॉटेलांत न्हाणीघरात ठेवलेल्या साबणाच्या वड्या अशाच दिसायच्या. भगवंतरावांनी ती उलटसुलट करून पाहिली, नाकाशी नेली, पुन्हा खाली ठेवली. मग उगाच पुन्हा उचलली. मुळं तासलेली, वास नसलेली, कुठल्याही देशात चालेल अशी वस्तू. असा एक माणूसही आपण ओळखतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी गड्डी ओट्यावर ठेवून दिली.

हाताचा वास. आक्काच्या हाताचा वास कधी गेलाच नव्हता. आई लवकर गेली आणि ठकूबाई, त्यांची थोरली बहीण, त्यांची आई झाली. जुन्नरजवळ, ओतूरच्या वाटेवरच्या वस्तीवर विहिरीखाली जमिनीची एक पट्टी होती. दिवाळी झाली की आक्का वाफ्यात उकिडवी बसून एकेक पाकळी मातीत खोचत जायची, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्या गड्ड्या उपटून, पाती विणून, घरभर टांगायची. जांभळट, बारकी, खडकाळ जमिनीतनं जिद्दीनं वर आलेली गड्डी. एक पाकळी ठेचली तर शेजारच्या वस्तीवर कळायचं. भगवंत त्या वासाखाली झोपला, त्या वासाखाली बाराखडी शिकला. आक्काच्या लग्नानंतर तो तिच्याच घरी राहिला. पुढं तिचा नवरा गेला तेव्हाही पट्टी तिनंच केली; त्याच्या कितीतरी आधी तिनं भावाला शिकायला पुण्याला पाठवलं होतं. वसतिगृहात त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेतून कपडे काढले की खोलीतली मुलं नाकाला रुमाल लावायची. ‘लसण्या’ हे नाव त्याला पहिल्याच आठवड्यात पडलं. त्यानं सदरे दोन दोनदा धुतले, ट्रंक उन्हात उघडी ठेवली. वास कापडात नाही, आपल्याच अंगात आहे, असं त्याला वाटायचं. कुणाशी बोलताना तो एक पाऊल मागं राहून, जपून, मोजके शब्द बोलायला लागला. पुढं जी गोष्ट त्याची हुशारी म्हणून नावाजली गेली ती मुळात हीच होती: समोरच्याला आपला वास येऊ न देता बोलायचं.

आणि ती कामाला आली. पारगावच्या साखर कारखान्यावर सभासदांची एक सभा चालली होती. उसाच्या भावावरून माणसं खुर्च्या उचलायला निघाली होती. तरुण भगवंतनं उठून शांतपणे सांगितलं की साखरेचा भाव ना पारगावला ठरतो ना मुंबईला, तो समुद्रापलीकडं ठरतो, आणि तिथं बोलायला आपलं कुणी नाही. सभा गप्प झाली. त्या एका वाक्यावर त्यांचं पुढचं आयुष्य गेलं. जिल्हा परिषद, मग दिल्ली, मग नव्वदीच्या त्या उलथापालथीच्या वर्षांत व्यापार खात्याचं राज्यमंत्रिपद. दुसरे मंत्री रस्ते आणि नळ आणायचे. भगवंतराव शिष्टमंडळं घेऊन जायचे आणि करार घेऊन यायचे. नारायणगावची द्राक्षं आखातात गेली, मग युरोपात गेली, तेव्हा बागायतदारांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. कुठल्याही परदेशी सभेत ते सुरुवात एकाच गोष्टीनं करायचे: माझ्या तालुक्यात नाणेघाट आहे; दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेला माल त्या घाटानं वर चढायचा आणि जकातीसाठी तिथं ठेवलेला दगडी रांजण आजही उभा आहे; तेव्हा व्यापार आम्हाला कुणी शिकवायला नको. समोरचे हसायचे, माना डोलवायचे. एकदा तर त्यांनी एका पाहुण्या शिष्टमंडळाला थेट घाटाच्या माथ्यावर, घाटघरला नेलं होतं. घाटाच्या तोंडाशी वारा असा होता की त्या लोकांचे गळपट्टे तोंडावर फडफडत होते, आणि भगवंतराव त्या वाऱ्यात ओरडून ओरडून समजावत होते की हा रस्ता खुला होता, कायम खुला होता.

फोन वाजला. वृषालीनं आणून दिला.

“मामा, गोरख बोलतोय.” आक्काचा मुलगा. तिशी उलटलेला, पक्षाच्या तालुक्याच्या तरुण आघाडीचं काम बघणारा. मागं गलका होता. “निघा बरं लगीच. वजीरशेठचा ट्रक धरलाय आमी मार्केटात. चायनाचा लसूण हाय गच्च भरून. समदा आपला भाग लोटलाय. टीव्हीवाले बी यायलेत.”

“मी येऊन काय करू?”

“आसं काय करता मामा? दोन शब्द बोला, बास. ह्या सरकारनं परदेशी माल आनून शेतकरी मारला, एवढंच. वर माझं बोलनं झालंय. ह्यावर तुमचं लोकसभेचं तिकीट पक्कं हाय.”

“आणि आक्का?”

“आई बी आलीय की. बायांच्यात पुढंच बसलीय.”

नाशिक रस्त्याला गाडी लागली तेव्हा ऊन तापायला सुरुवात झाली होती. ड्रायव्हरनं काचा वर करून थंड हवा लावली; भगवंतरावांनी पुन्हा काच खाली केली. दोन शब्द. दोन शब्द त्यांना अवघड नव्हते. विरोधी बाकावर बसलं की सत्तेत असताना स्वतः केलेल्या गोष्टीही दुसऱ्याच्या म्हणून बोलायच्या असतात, हे सगळेच करतात, लोकही ते धरून चालतात. त्रास त्याचा नव्हता. त्रास निराळाच होता आणि चाकण मागं पडलं तरी तो नेमका काय आहे हे त्यांना धरता येत नव्हतं. लसूण खुला झाला तो कधी? या सरकारनं केलेला नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तो त्याआधीच्या बोलण्यांत गेला होता, आणि त्या बोलण्यांना टेबलाच्या या बाजूला भगवंतराव स्वतः बसले होते. मग तो क्षण आठवायला हवा. सही करण्याआधीचं आपलं मन आठवायला हवं. इतकी वर्षं आपण लोकांना सांगत आलो की प्रत्येक सवलत देताना काळजावर दगड ठेवावा लागतो. तो दगड कुठं ठेवला होता आपण, त्या दिवशी?

त्यांनी खोली आठवली. जिनिव्हाची ती लांब खोली, खिडकीबाहेर राखी सरोवर, प्रत्येकाच्या कानाला दुभाष्याचं यंत्र. औषधांवर आणि कापडावर बोलणी अडून बसली होती. दिवसामागून दिवस तेच. दुपारची वेळ. रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता आणि पायी येताना त्यांचा डावा बूट आत भिजला होता. ओला मोजा टाचेला चिकटला होता. हे सगळं त्यांना लख्ख दिसत होतं: टेबलाखाली बुटातून टाच सोडवायची त्यांची धडपड, आणि मंत्र्यानं बूट काढलेला कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून चेहऱ्यावर आणलेलं लक्ष. समोरचा माणूस किरकोळ मालाची नावं एकामागून एक घेत होता. शेजारचा अधिकारी त्यांच्या कानाशी वाकला, “सर, ही किरकोळ आहेत. सोडून देऊ, म्हणजे कापडावर जोर धरता येईल.” आणि त्यांनी मान हलवली. किंवा हलवली असावी. त्या नावांत लसूण होता. असला पाहिजे. तो शब्द यंत्रातून कानात गेला असला पाहिजे, एका परक्या बाईच्या गोड, थकलेल्या आवाजात. पण भगवंतरावांनी कितीही ताण दिला तरी तो शब्द ऐकू येत नव्हता. टाच आठवत होती. मोजा आठवत होता. त्याच सकाळी त्यांनी नाणेघाटाची गोष्ट सांगितली होती आणि लोकांनी माना डोलवल्या होत्या, तेही आठवत होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी रांजण तिथं, सरोवराकाठी, त्यांच्यापाशी होता. वाफ्यात उकिडवी बसलेली आक्का नव्हती.

मंचर आलं. बाजार समितीच्या बाहेर बटाट्याच्या गोण्यांची रांग होती, चौकात कुणीतरी गाडी ओळखून हात केला, त्यांनी सवयीनं हात वर केला. त्यांना वाटलं, आपण आक्काला विकलं असतं तरी बरं झालं असतं. द्राक्षांच्या बदल्यात, कापडाच्या बदल्यात, देशासाठी, नाहीतर स्वतःच्या नावासाठी. पण समोर ठेवून, वजन करून, दुःख होऊन. तसं काही झालं असतं तर आज धरायला काहीतरी होतं. इथं धरायला काहीच नव्हतं. एक मान हलली होती आणि ती हलल्याचीही खात्री नव्हती. नारायणगाव ओलांडताना दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागले, हिरवेगार, शिस्तीत. त्यांच्यामधून जाताना नेहमी त्यांची छाती रुंद व्हायची. आज त्यांनी ड्रायव्हरला, कारण नसताना, हळू चालव म्हणून सांगितलं.

जुन्नरच्या मार्केटात ट्रकभोवती माणसांचं कडं होतं. ताडपत्री एका बाजूनं सोडली होती आणि जाळीच्या पिशव्यांतून पांढऱ्या गड्ड्या डोकावत होत्या. काही पिशव्या खाली पडून फुटल्या होत्या. लसणाचा अडत्या वजीर, त्याच्या गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं. सावलीच्या कडेला बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात, डोक्यावरचा पदर दातात धरून, ठकूबाई होती. तिनं भावाला पाहिलं आणि शेजारणीला कोपरानं ढोसून सांगितलं, “आला बग माजा भाऊ. आता लागंल निकाल.” तिच्या तोंडावरचा तो विश्वास भगवंतरावांना सोसवला नाही. त्यांनी नजर दुसरीकडं नेली.

“चायना लसूण, परत जा!” घोषणा चालल्या होत्या. मग मागून कुणीतरी, चेष्टेच्या सुरात, ओरडलं, “लसणाच्या संगं वजीरला बी धाडा!” आणि लोक हसले. मोठ्यानं नाही, एकमेकांकडं बघत, चालतंय का याचा अंदाज घेत. भगवंतरावांनी आयुष्यात पुष्कळ घोषणा ऐकल्या होत्या, पण तसलं हसू त्यांनी दोनदाच ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यानंतर काय पेटलं ते त्यांना दिल्लीत बसून कळलं होतं. गोरख गर्दीतून वाट काढत आला, हातात कर्ण्याचा माइक. “मामा, ह्या हातगाडीवर चढा. धरतो मी.”

“थांब,” ते म्हणाले आणि वाकून शटरखालून आत गेले.

आत अंधार होता आणि जुन्या लसणाचा वास होता. वजीर गादीवर मांडी घालून बसला होता, जसा त्याचा बाप बसायचा, आजा बसायचा. शाळेत तो आणि भगवंतराव एका बाकावर होते. आक्काचा लसूण पहिल्या दिवसापासून याच गाळ्यात उतरत आला होता.

“ये भगवंता,” तो म्हणाला. “च्या सांगितला असता, पन च्यावालाच तिकडं घोषणा देतोय.”

भगवंतराव पोत्यावर टेकले. “कशाला आणलास रे?”

“आता तू इचारनार मला? गिऱ्हाईक पांढरा मागतंय. गेल्या साली आक्काचा माल मी भाव करून घेतला आन् ह्या इथं ठेवून कोंब फुटंस्तवर वाट बघितली. कुनी हात लावला न्हाई. मी ट्रक मागवला नसता तर दुसऱ्यानं मागवला असता.” बाहेर पुन्हा घोषणा झाली. “फक्त दुसऱ्याचा ट्रक असता तर माल परत धाडा म्हनाले असते. मानूस परत धाडा म्हनाले नसते. मी कुठं परत जानार? ह्या कब्रस्तानात माझ्या सात पिढ्या झोपल्यात. सून, शमा, घरी लेकीला, मनालला, छातीशी धरून बसलीय. मी फोन केला तर म्हनते, तुमचा दोस्त मंत्री व्हता ना?”

“गोरख म्हणतो, दोन शब्द बोला.”

वजीर हसला. “तुझे दोन शब्द मला ठाऊक हायेत. दोन्हीकडच्यांना आपलेच वाटतात.”

भगवंतराव उठले. बाहेर उन्हात आल्यावर क्षणभर काहीच दिसलं नाही. कुणीतरी दंडाला धरून त्यांना हातगाडीवर चढवलं, माइक हातात आला, आणि तोंडानं आपलं आपण सुरू केलं, “मंडळी, आपल्या तालुक्यात नाणेघाट आहे...” टाळ्या पडल्या. ते थांबले. पुढचं सगळं वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं, घोटीव, वापरून गुळगुळीत झालेलं. त्यांनी ते गिळलं. कशानं गिळलं, वजीरच्या त्या वाक्यानं की त्या मघाच्या हसण्यानं, हे पुढं कधी त्यांना ठरवता आलं नाही. पण जेव्हा ते बोलले तेव्हा पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली होती.

“हा ट्रक वजीरनं आनला न्हाई,” ते म्हणाले. “मी आनला.”

लोक हसले. पुढाऱ्याचं बोलणं, पुढं काहीतरी खुबी येणार.

“हसू नका. मंत्री व्हतो तवा ह्या मालाला दरवाजा मी उघडून दिला. आत्ताच्या सरकारनं न्हाई, मी. तुमची द्राक्षं भायेर जायला पायजे व्हती. दरवाजा उघडला की भायेरचं बी आत येतं. इचार करून उघडला. तवा कुनाचं नाव घ्यायचं आसंल तर माझं घ्या. पेटवायचा आसंल तर ट्रक नका पेटवू, माझी गाडी उभी हाय पलीकडं, ती पेटवा. वजीरचं नाव ह्यात कुनी घ्यायचं न्हाई.”

‘इचार करून’ हे शब्द तोंडातून गेले आणि त्यांना कळलं की ते फार सहज गेले. हीही बोलणीच होती. समोरच्या गर्दीला कुणावर तरी तुटून पडायचं होतं, त्यांनी तिला एक माणूस देऊ केला होता, आणि माणूस पसंत पडावा म्हणून त्याला एक निर्णय चिकटवला होता. लोकांना मोजा देता येत नाही. ओली टाच देता येत नाही.

मग एक गड्डी येऊन त्यांच्या खांद्यावर आपटली. फार लागली नाही, पोकळ लागली. पाठोपाठ आणखी आल्या, एक कानावर बसली. “द्राक्षवाल्यांचा दलाल!” कुणीतरी ओरडलं. त्यावर नारायणगावकडचा एक जण उसळला, “आमी काय चोऱ्या केल्या काय रं?” दोघं एकमेकांच्या गळपट्टीला भिडले, त्यांना सोडवायला दहा जण धावले, आणि भांडण ट्रकाजवळून सरकत सरकत गूळबाजाराकडं गेलं. बंदोबस्ताच्या हवालदारानं ती संधी साधून ट्रकाच्या ड्रायव्हरला चापट मारून उठवलं. ट्रक मागं मागं येत, ताडपत्री लोंबकळत, फाटकाबाहेर निघून गेला. लोकांना तो गेल्याचं उशिरा दिसलं आणि दिसलं तेव्हा त्यांच्यातलं काहीतरी उतरलं होतं.

गोरखनं माइक काढून घेतला. त्याचे डोळे भरून आले होते, रागानं. “मामा, ह्ये काय केलंत? टीव्हीवाल्यांनी समदं घेतलं. आता तिकीट सोडा, दारात उभं करनार न्हाईत तुमाला. आन् मला बी.”

“तुला करतील,” भगवंतराव म्हणाले. “माझं नाव टाकून दे.”

“आईचं तोंड बघा जरा,” गोरख म्हणाला आणि निघून गेला.

वजीर शटरखालून बाहेर आला होता, खाली सांडलेल्या गड्ड्या पायानं एका बाजूला करत होता. भगवंतरावांना वाटलं तो काही बोलेल, निदान हात हातात घेईल. तो म्हणाला, “बोललास चांगलं. खरंच. पन तू आता पुन्याला जाशील. मला उद्या सकाळी हे शटर वर करायचंय. ह्या बाजारात आजवर माझं नाव असं कुनी घेतलं नव्हतं, भगवंता. घेता येतं, हे आता समद्यांना कळलंय. ते तू कसं परत घेनार?” त्यानं खाली वाकून एक फुटकी पिशवी उचलली, तिचं तोंड बांधायला सुतळी शोधायला आत गेला.

ठकूबाई सावलीत नव्हती. बायका पांगत होत्या. भगवंतराव जुन्या बाजाराच्या गल्लीतून वडापच्या प्रवासी जीपांकडं जवळजवळ पळत गेले. लोक बाजूला होत होते, पण कुणी नमस्कार केला नाही, आणि ते चमत्कारिक वाटण्याइतकीही त्यांना सवड नव्हती. ओतूरकडं जाणारी जीप भरत आली होती. आक्का एका हातानं दांडी धरून आत चढायच्या बेतात होती.

“आक्का, थांब. गाडी आहे की माझी. सोडतो.”

तिनं वळून पाहिलं. सुरकुतलेल्या त्या चेहऱ्यावर राग शोधत होते ते. नव्हता. कपाळाला आठ्या घालून ती त्यांच्याकडं बघत होती, एखादं परकं गाव बघावं तशी.

“तू बोल्लास ते खरं का?” तिनं विचारलं. “का त्या वजीरला वाचवाया बोल्लास?”

“खरं आहे.”

“मग तवा, त्या तकडं,” तिनं हातानं कुठंतरी लांब दाखवलं, समुद्रापलीकडं असेल, “लसणाचं नाव निगालं आसंल ना?”

“निघालं असंल.”

“तवा मी आठवले का रं तुला?”

जीपवाला हॉर्न वाजवत होता. आतल्या बायका सरकून जागा करत होत्या. भगवंतरावांपाशी उत्तर होतं. चांगलं, मऊ, दोघांना पुरेल असं. आठवलीस आक्का, डोळ्यांसमोर होतीस, काळजावर दगड ठेवून केलं. तिनं ते ऐकलं असतं. ती रडली असती, भांडली असती, मग कधीतरी तिनं ते माफही केलं असतं, कारण दगडाची किंमत तिला कळत होती. वाक्य ओठापर्यंत आलं. तिच्या हाताची बोटं दांडीवर आवळलेली होती, नखांत काळी माती होती, आणि त्या बोटांकडं बघता बघता ते वाक्य त्यांना बोलता येईना.

“न्हाई आक्का,” ते म्हणाले. “न्हाई आठवलीस.”

मग तिनं पदर खोचला.

“आठवून क्येलं आसतंस,” ती हळूच म्हणाली, “तर भांडले आसते तुझ्यासंगं. वरीसभर बोल्ले नसते. आता कुनासंगं भांडू रं मी?”

ती जीपमध्ये चढली. आतल्या बाईनं तिला धरून बाकावर बसवलं आणि ती तोंड समोर करून बसली. भगवंतरावांनी जीपच्या मागच्या दांडीला हात लावला. कशासाठी ते त्यांनाही कळलं नाही. दांडी उन्हानं तापलेली होती. जीप सुरू झाली, हलली, आणि ते दांडी न सोडता चार पावलं तिच्याबरोबर चालत गेले. मग तिनं वेग धरला तसा त्यांना हात सोडावा लागला.